सात वह्या आणि एक सही

४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुमच्याच रेडिओवर ऐकलं, सरकार सगळ्या केंद्रांचे परवाने तपासतंय. शंभरातली तीस गाणी आपल्या देशातल्या कलावंतांची वाजतात की नाही, तेही बघणार. श्रोत्यांनीही आपलं म्हणणं कळवावं म्हणे. मग मी गप्प बसतोय होय? तू तिथे लागलीस तेव्हापासून, सहा वर्षं, सकाळी आठ ते अकरा वाजलेलं प्रत्येक गाणं मी वहीत उतरवलंय. पियानोचे सूर जुळवणारा माणूस, त्यामुळे सवयीने स्वरही टिपलाय. अशा सात वह्या काल चौकशी कार्यालयात नेऊन दिल्या. आमची पुतणी किती चोख काम करते, ते कळू दे त्यांना. काकू म्हणाली, आधी मोजून तरी बघायचं होतंत. मी म्हटलं, मी काय शिरगणतीला आलोय?

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच.

तुझा काका

११ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

काका, हे काय करून बसलात? चौकशीच्या साहेबांनी तुमच्या वह्या आमच्या नोंदवहीशेजारी ठेवल्या. आपल्याकडची गाणी आमच्यात शंभराला एकतीस, तुमच्यात अकरा. ती नोंदवही मी भरते. मालकांचं म्हणणं, सकाळी लोक बाहेरचीच गाणी ऐकतात, तीच लावा, नोंद तेवढी तिसाची करा. सहा वर्षं मी न वाजलेली गाणी वाजली म्हणून लिहितेय, खाली माझी सही. परवाना गेला तर आम्ही नऊ जण घरी बसू, आणि खोट्या नोंदीचा खटला माझ्या एकटीवर.

मालकांनी एक कागद तयार केलाय. तुम्हाला बऱ्याच वर्षांपासून कमी ऐकू येतं, त्यामुळे वह्यांत पुष्कळ गाणी सुटली, पुष्कळ चुकीची उतरली, असं त्यात आहे. सोबत जोडलाय. तुमच्याकडे हे मागावं लागतंय, याहून वाईट काय असणार. रागवा, पण सही करून सोमवारच्या आत धाडा. काकूंना यातलं काही सांगू नका.

तुमची भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून. मला कुणी शिकवलं नाही, हे तू जाणतेस. ऐकत ऐकत शिकलो, आणि बेचाळीस वर्षं या कानांवर घर चाललं. तू लहान असताना दाराआड पुटपुटायचीस, तेही मला ऐकू यायचं, म्हणून किती चिडायचीस.

सही केली आहे. काकूला सांगावं लागलं, ती शेजारीच बसली होती. बोलणी खायची आहेत तुला, पण ती घरी आल्यावर, पोटभर जेवल्यावर.

तुझा काका

२ एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

परवाना वर्षभरासाठी मिळाला. आता चौकशीवाल्यांचा माणूस रोज येऊन बसतो, म्हणून मालकांचा नाइलाज झाला. उद्यापासून सकाळी खरोखर आपली गाणी वाजणार. आठचं पहिलं गाणं मी तुमच्यासाठी निवडलंय. वही काढून ठेवा.

तुमची भिंगरी

४ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वही कशी काढू, पोरी? चौकशीचा माणूस गल्लीत विचारून गेला, खरंच यांना ऐकू येत नाही का म्हणून. आता घरात रेडिओ लावायची सोय नाही. शाळेच्या बाई बोलवायला आल्या होत्या, पियानो बिघडलाय म्हणून. काकूनेच दारातून सांगितलं, ह्यांचे कान गेले. बाई बिचाऱ्या माझ्याशी मोठमोठ्याने बोलून, पाठीवर हात फिरवून गेल्या. हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली.

काल आठला शेजारणीने तिचा रेडिओ लावला. खिडकीतून मला खुणेने विचारलं, येतंय का काही? मी मान हलवली, नाही म्हणून.

तुमचं गाणी वाजवायचं यंत्र जरा जोरात फिरतंय. गाणं पाव स्वराने चढं लागलं. दुरुस्त करून घे, पण कुणी सांगितलं ते बोलू नकोस.

लोभ आहे, तेवढा खरा धर.

तुझा काका