डब्या कोण धरन?

सावली,
५ ऑक्टोबर २०२५

ती. शकुबाईस,
तुझ्या धाकट्या भावाचा, श्रीहरीचा नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. डावा हात होता तसाच आहे, त्याची काळजी करू नको. धान लोंबीवर आलं आहे. शेजारच्या देवाजीभाऊची म्हैस व्याली, वगार झाली. त्यांच्या घरून खरवस आला होता, तुझा वाटाही मीच खाल्ला.

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं तू विचारशील. त्याचं कारण पुढे येईल. आधी कामाचं सांगतो.

चार दिवस लेकीकडे, चंचलकडे राहून येते म्हणून तू भद्रावतीला गेलीस आणि इकडे मी हट्टाला पेटलो. घरात दुसरं माणूस नाही, तर आपण करतो तसली एक कुंकवाची लाकडी डबी एकट्यानं चिकटवून पाहू म्हटलं. सागाच्या पट्ट्या कापायला मला एक हात पुरतो. पट्टी शिकंज्यात अडकवली की उजव्या हातानं करवत चालते. घोडं अडतं ते चिकटवताना. तिरप्या कापलेल्या कोपऱ्यांना फेविकॉल लागला की ते साबणासारखे सरकतात. एक जुळवावा तर समोरचा उघडतो. शिकंज्यानं दाबावं तर चौकोनाचा पतंग होतो. म्हणून तर लकवा झाल्यापासून तू दोन्ही हातांनी कोपरे धरून बसायचीस आणि मी भोवती दोरी गुंडाळायचो.

तर मी डबी दोन गुडघ्यांत धरली, वरून हनुवटीनं दाबली आणि फेविकॉल वाळेपर्यंत तसाच बसून राहिलो. उठायला गेलो तर लुंगी डबीला चिकटलेली! नेमके देवाजीभाऊ दारात.

"काऊन रे श्रीहरी, डबीसंगं लगन लावून राह्यला का?"

त्यांनीच कात्रीनं लुंगी कापून मला सोडवलं. तेव्हापासून पानठेल्यावर माझ्या लग्नाचीच चर्चा आहे. हुंडा काय घेतला म्हणून लोक विचारतात.

दुसऱ्या दिवशी शेतात बांधीच्या धुऱ्यावर बसलो होतो. समोर धान डोलत होतं आणि मला तुझं भारा बांधणं आठवलं. तू दोरीचं टोक पायाखाली दाबतेस आणि दोरी भाऱ्याभोवती फिरवत बसण्याऐवजी भाराच दोरीवर लोळवत नेतेस. बाकीच्या बायका दोघी मिळून बांधतात, तू एकटी बांधतेस. इतकी वर्षं ते पाहत आलो, पण ते माझ्याही कामाचं आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन चारही पट्ट्या बाकावर एका ओळीत मांडल्या, पाठीमागून चिकटपट्टी लावली, खाचांत फेविकॉल भरला आणि चटई गुंडाळावी तशी डबी गुंडाळली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, तिचं एक टोक बाकाला ठोकलं आणि डबी ताण देत तिच्यावर लोळवत नेली. पहिल्यांदा फार आवळली. सगळा फेविकॉल बाहेर आला, सांधा कोरडा राहिला आणि वाळल्यावर कोपरा हातातच आला. तुझं बोलणं ऐकू आल्यासारखं झालं, "अबे, गळा दाबून राह्यला का तिचा?" मग दुसऱ्या डबीला बेतानं ताण दिला.

ती डबी सकाळी सोडली. गुण्या लावून पाहिला, चारही कोपरे काटकोनात. बाकावरून मुद्दाम खाली टाकली, तरी सांधा हलला नाही. मी हसलो आणि मग रडलोही. बाई, ही डबी मी एकट्यानं केली असं लोक म्हणतील, पण युक्ती तुझी आहे.

आता ते कारण. चंचलचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, आई कॉलनीच्या मैदानात सायकल शिकून राह्यली. पडते, न् हासते. तुले सांगू नको म्हणली." मी म्हटलं, मग ठेवून घे ना तिला तिकडेच. तर म्हणाली, "म्या म्हटलं ना. तं म्हणते, श्रीहरीच्या डब्या कोण धरन?"

येत्या रविवारच्या बसनं तू परत यायची आहेस. येऊ नको. तिथेच राहा. सायकल शीक.

हे फोनवर सांगितलं असतं तर माझा आवाज ऐकून तू त्याच संध्याकाळी बसमध्ये बसली असतीस. घर खायला उठतं हे खोटं नाही. पण भात मला येतो, भाजी देवाजीभाऊच्या घरून येते, आणि डब्यांचं तर तू वाचलंसच. लकव्यानंतर मला जगायचंच नव्हतं. तू माझ्या शर्टाची बटणं लावलीस, घास भरवलेस आणि एकदाही बिचारा म्हटलं नाहीस. उलट कोपरा हलला की शिव्या घातल्यास. उपकार म्हटलं तर चिडशील, म्हणून इतकंच लिहितो की तू होतीस म्हणून मी आहे.

भाऊबीजेला मात्र ये. गेली काही वर्षं तू मला ओवाळायचीस आणि लगेच पदर खोचून भांडी घासायला बसायचीस. सख्ख्या भावाच्या घरी राहून तुला माहेरपण मिळालंच नाही. या खेपेला ताट मी वाढीन. एका हातानं वाढीन, वेळ लागेल, पण तू बसून राहायचं.

कामाले नको येऊ, बाई. माहेरी ये.

तुझी वाट पाहणारा,
श्रीहरी