वरचे चौदा चौकोन

ता. ११, सोमवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण सात महिन्यांत तू काही कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. वहिनी तुझी आठवण काढते. ती काढणारच, तिचं तुझ्याशी कुठे बिनसलंय.

पत्राला कारण आपला पक्ष्यांचा नकाशा. डोक्याला नुसता ताप झालाय. ऑफिसच्या भिंतीवर तो आता पुरा लागलाय, शहाण्णव चौकोन. जिथे जास्त जातींचे पक्षी तिथे गडद हिरवा, कमी तिथे फिका, नाहीत किंवा नावापुरते आहेत तिथे पांढरा. खालची पाणथळ गडद आहे, मधला माळ बरा आहे, आणि वर डोंगरउतारावरच्या दाट रानात चौदा चौकोन पांढरे फटक. टकलावर केस असावेत तसा एखादा हिरवा ठिपका. नकाशा काढणारी बाई रोज विचारते, "सर, इतक्या झाडीत खरंच काही नाही?" मी रोज तेच सांगतो. पालथ्या घड्यावर पाणी.

नकाशा अठ्ठावीस तारखेला छपाईला जातो. पांढरे चौकोन संरक्षित हद्दीतून वगळायचे असं वरिष्ठांनी ठरवलंय. दगडाची खाण मागणारे दोनदा येऊन नकाशासमोर उभे राहून गेले. मला त्यांचा राग आला, पण आकडे माझेच होते, बोलणार काय?

म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा वर गेलो. या वर्षातली तिसरी खेप. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं हलायचं नाही, दिसेल आणि ऐकू येईल ते लिहायचं. तुला काय सांगायचं म्हणा. त्या झाडीत दिसत काही नाहीच, सगळं कानावर. पाच ठिकाणं झाली आणि कागदावर सहा जाती. कावळा, सुतारपक्षी, कवडा, असलेच. बूट फाटला, पावसात भिजलो, ताप घेऊन परतलो. दहा वर्षांपूर्वी त्याच जागी मी तीस जाती लिहिल्या होत्या. दरवर्षी दोनतीन कमी होत गेल्या. बाईने त्याची उतरती रेघ काढली आहे आणि तिच्यावर मी रान संपत चालल्याचा मोठा अहवाल लिहिला आहे.

आणि त्याच जागी तुझ्या कागदावर तेवीस जाती होत्या. तो विषय आज नको. वहिनी औषध घेऊन उभी आहे.

ता. १४, गुरुवार

पत्र अर्धवट टाकलं होतं. आज विषय टाळत नाही.

सात महिन्यांपूर्वी त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांसमोर म्हणालो की तुझे कागद घरी बसून भरलेले आहेत. माझा हिशेब सरळ होता. पाणथळीत आणि माळावर आपले आकडे जुळतात, फक्त वरच्या झाडीत जुळत नाहीत, म्हणजे जिथे कुणी बघायला येत नाही तिथे तू फुगवतेस. तू म्हणालीस, ध्वनिमुद्रण यंत्र लावून बघू. मी म्हणालो, आपल्या घरात यंत्राने पक्षी ओळखायची पद्धत नाही. बाबांनी अंगणात डोळे मिटून बसवून आपल्याला शिकवलं होतं, ते मी किती तोऱ्यात सांगितलं. मग तुझ्या चौदाही कागदांवर लाल पेन्सिलीने काट मारली. तू पेन टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. मी म्हणेन ती पूर्व दिशा, हे मला आयुष्यभर पुरलं.

सोमवारी पत्र बाजूला ठेवल्यावर वहिनीने काखेत थर्मामीटर लावला. मी बसून राहिलो. ती स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "काढा की तो, केव्हाचा वाजतोय." मी म्हटलं, बिघडलाय, वाजलाच नाही. तिने तो माझ्या कानाशी धरला. त्याचा दिवा लुकलुकत होता. मला काही ऐकू येत नव्हतं आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो वाजतो आहे.

मी चिडलो. थर्मामीटरवर, तिच्यावर, कंपनीवर. नाचता येईना अंगण वाकडं. पण झोप काही लागली नाही.

काल तिला वर घेऊन गेलो. तिला कावळा सोडून एक पक्षी ओळखता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिला म्हटलं, काही आवाज आला की नुसतं बोट वर कर. मी पेन्सिल घेऊन तिच्याकडे पाहत उभा राहिलो. पंधरा मिनिटांत तिने एकतीस वेळा बोट वर केलं. माझ्या कानावर सातच आवाज आले, तेही कावळ्यासारखे जाड. बाकी चोवीस वेळा मी नुसतं तिचं बोट पाहिलं. पानांत दडणारे ते बारीक शिटीचे वटवटे, ज्यांची नावं मी तुला शिकवली, ते तिथेच होते.

शेवटी ती म्हणाली, "अहो, मला त्यांची नावं विचारू नका. पण हे रान गप्प नाही."

मला रडू आलं, ते लपवायलाही मिळालं नाही, पायवाट तेवढी अरुंद. खाली पाणथळीत आणि माळावर आपण डोळ्यांनी मोजतो, म्हणून तिथे आकडे जुळत होते. इतकं साधं मला सात महिने सुचलं नाही. ती उतरती रेघ रानाची नव्हतीच.

आज सकाळी ऑफिसात गेलो आणि जे होतं ते सांगितलं. तो अहवालही मागे घेतला. पण नियम माझाच आहे, मीच लिहून ठेवलेला: काट मारलेला कागद परत धरायचा असेल तर त्याच माणसाने पुन्हा जाऊन मोजलं पाहिजे. नकाशावाली बाई तारीख पुढे ढकलू शकत नाही. तिने फक्त ते चौदा चौकोन भरायचे ठेवले आहेत. रोज दोन केले तर सात दिवस लागतील.

तू यावंस असं म्हणायचा हक्क मला नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. मी तुझ्यावर घेतलेला आळ खोटा होता, हे मी चौदाही कागदांवर काट होती तिथेच लिहून सही केली आहे. लाल पेन्सिल खोडून जात नाही, बघितलं घासून. तू आली नाहीस तरी ते कागद ऑफिसात तसेच राहतील, आणि ते चौकोन मात्र छापले जातील ते पांढरेच.

आलीस तर यंत्र लावू. वहिनी बूट शिवून आणते आहे. लहानपणापासून मी सांगायचो आणि तू लिहायचीस. आता तू सांग, मी लिहितो. अक्षर अजून बरं आहे.

ज्याला ऐकू कमी येतं, आणि हे पहिल्यांदाच लिहून देणारा,
तुझा दादा