नानांचा चाणक्य आणि मुक्कामाची गाडी

बोरदरा, ता. जुन्नर
रविवार, जेवणं झाल्यावर

तीर्थरूप प्रयाग आत्यांना भाचेसून रुपालीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? म्हैस व्यायली का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे नाना सोडून सगळे. (नानांना विचाराल तर नाना सोडून कोणीच बरं नाही.) फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण मी फोन लावला की तुमचे धाकटे बंधू, म्हणजे नाना, शेजारी येऊन बसतात आणि म्हणतात, "स्पीकरवर टाक, राज्याच्या गोष्टी मंत्र्यापासून लपवायच्या नसत्यात." म्हणून हे पत्र तुमच्या भाच्याच्या खिशातून तुमच्या गावी आळ्याला पाठवते आहे. ट्रॅक्टरचा पार्ट आणायला चाललोय असं त्यांनी नानांना सांगितलंय. कोणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा.

मी सरपंच झाले तेव्हा तुम्ही डोक्यावरून हात फिरवून म्हणाला होता, "पोरी, सांभाळून." तुम्हाला विरोधी पार्टीची काळजी असेल. खरी काळजी घरातच निघाली. निकाल लागला त्याच दिवशी नानांनी जाहीर केलं की राजाला अमात्य लागतो आणि तो घरचा असलेला बरा. तेव्हापासून ते मोबाईल कानाला लावून चाणक्य ऐकतात. सकाळी चाणक्य, दुपारी चाणक्य, गोठ्यात धार काढताना चाणक्य. (म्हशीनेही आता काहीतरी धोरण ठरवलेलं दिसतं, दूध कमी झालंय.) रात्री दही खाऊ नये, हेही चाणक्यानेच सांगितलंय म्हणे. मोबाईलवर त्याच्या नावाने जेवढं फिरतं तेवढं तो खरंच बोलला असेल, तर त्या चंद्रगुप्ताला गादीवर बसवायला त्याला सवड कधी मिळाली, हा मला प्रश्नच आहे.

ग्रामपंचायतीत माझ्यासमोर भजी आली की आधी नाना चाखतात. राजाच्या अन्नात कोणी विष कालवलं तर? तुम्ही त्यांना तळलेलं बंद करून गेला होता ना, आता ते राज्यासाठी खातात.

पण हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, तोवर गाडीचं झालं. आमच्याकडे एसटी मुक्कामाला यायची आणि पहाटे पोरींना जुन्नरला कॉलेजात न्यायची, ती बंद झाली. पोरी दुधाच्या पिकअपमध्ये कॅनांच्या मधे उभ्या राहून जायला लागल्या. एके दिवशी नानांचे जोडीदार भागूआबा यांची नात समृद्धी त्यातून पडली, मनगटाला प्लास्टर बसलं आणि तिचा बाप म्हणाला, बारावी झाली तेवढं बास. तो एक बोलला, पण मनात चौघांच्या होतं. आत्या, माझं एसवाय गाडीपायीच राहिलं हे तुम्हाला ठाऊक आहे. मला झोप लागेना. डेपोत गेले तर साहेब म्हणाले, या रस्त्याला एक गाडी देता येईल, पण मुक्काम एकाच गावात, आणि तो बहुतेक हिवरटेकला, गाव मोठं आहे. हिवरटेक आमच्या खालचं. म्हणजे गाडी तिथवर येणार आणि आम्ही वरून टाळ्या वाजवणार.

घरी येऊन मी हे सांगितलं आणि नाना उठून उभे राहिले. (गुडघ्याला हात न लावता, हे मुद्दाम लिहिते.) "शेजारी म्हंजी शत्रू," ते म्हणाले, "हे मी न्हाई, चाणक्य म्हनतोय. आन् शत्रूच्या पल्याड जो असतो त्यो आपला मित्र."

मी म्हटलं, "नाना, हिवरटेकला माझी मावसबहीण दिलीय."

"मंग फितुरीची सोय झाली."

आता आत्या, तुम्हीच बघा. आपलं गाव मधे. खाली हिवरटेक, वर कौलमाथा. लागून असलेली म्हणून दोन्ही शत्रू. हिवरटेकच्या पलीकडे थेट जुन्नर, आणि कौलमाथ्याच्या पलीकडे नुसता डोंगर. म्हणजे शास्त्राप्रमाणे आमचे मित्र दोनच, जुन्नरचा बाजार आणि डोंगरातली माकडं. मी हे नानांना म्हटलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "माकडं कामाला येत्यात." आणि त्याच बैठकीत त्यांनी प्रतिज्ञा केली. चाणक्याने शेंडी मोकळी सोडली होती. नानांना शेंडी नाही आणि शेंडी यायला जागाही उरलेली नाही, म्हणून त्यांनी टोपी काढली. गावात मुक्कामाची गाडी येईपर्यंत डोक्यावर टोपी घालणार नाही. ऐन मार्चच्या उन्हात. आठवड्यात टाळूची सालं निघाली, मी खोबरेल लावत होते आणि ते मला गुप्तहेरांचे प्रकार सांगत होते.

पहिला हेर म्हणून भागूआबांची नेमणूक झाली. चाणक्याचे हेर म्हणे साधूच्या वेषात फिरायचे. आबांना भगवी लुंगी, कपाळाला चुलीतली राख आणि हातात आमच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलं होतं त्याचं केलेलं कसलंतरी पात्र. हिवरटेकच्या पारावर बसून गावाचा बेत काढून आणायचा. नाना एक गोष्ट विसरले, ती म्हणजे आबांची लेक हिवरटेकलाच दिलीय. ती पाण्याला चालली होती. पारापाशी थांबली, नीट पाहिलं आणि म्हणाली, "आबा, आंघूळ न करता आलाय व्हय? चला घरी." तिने त्यांना न्हाऊ घातलं, मासवडी करून जेवू घातलं आणि जेवता जेवता आबांनी आमचा सगळा बेत तिथे सांगून टाकला. संध्याकाळी जावयाने मोटारसायकलवर आणून सोडलं, पिशवीत कारली देऊन. नानांनी विचारलं, काय खबर? आबा म्हणाले, "लई माया करत्यात."

तिकडची खबर मात्र वेगळ्याच वाटेने, माझ्या मावसबहिणीच्या फोनवरून आली. हिवरटेकच्या सरपंच लंकाबाई, आणि त्यांचे दीर सावळेराम तोच चाणक्य ऐकतात, तेही मोबाईलवरच! त्यांच्या हिशोबाने आम्ही शत्रू आणि आमच्या पलीकडचं कौलमाथा मित्र. सावळेराम रोज कौलमाथ्याला चहाला जायला लागले. हे कळल्यावर नानांनी शास्त्र थोडं वाकवलं आणि तेही कौलमाथ्याला जायला लागले. दोघे एकाच ओट्यावर, एकमेकांकडे पाठ करून, कौलमाथ्याचा चहा पीत बसायचे. कौलमाथेकरांना कळेना आपलं काय चुकलं.

अशात जुन्नरला सरपंचांची बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत मी, लंकाबाई आणि कौलमाथ्याची स्नेहल एका बाकावर डबे उघडून बसलो. लंकाबाईंनी माझ्या डब्यात ठेचा घातला आणि म्हणाल्या, "रुपाली, खरं सांगू का? गाडी मुक्कामाला आली का डायवर-कंडक्टरचं जेवण सरपंचाच्या घरी. माज्या घरात आधीच एक मंत्री हाय, त्याचंच करून कंबर गेली. मला न्हाई पायजे ती गाडी. पोरींना सकाळी बसायला जागा मिळाली का झालं."

स्नेहल म्हणाली, "आमच्याकडे समाजमंदिराला संडास-बाथरूम झालंय, खानावळही बचत गट चालवतो. राहू दे की आमच्यात."

मी मनातल्या मनात रस्ता मांडून पाहिला. गाडी कौलमाथ्याला मुक्कामी राहिली तर पहाटे आधी आमच्यातून जाणार, मग हिवरटेकवरून. तिन्ही गावांच्या पोरी बसणार. इतकी सरळ गोष्ट, आणि आम्ही महिनाभर माकडांशी तह करत होतो. तिघींनी डबे धुतले आणि तशाच डेपोत गेलो. साहेबांना तीन सरपंच एकाच तोंडाने बोलताना बघायची सवय नसावी, ते लगेच हो म्हणाले.

गाडी सुरू झाली. पहिल्या पहाटे समृद्धी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून चढली, तिचा बाप पायरीपर्यंत आला आणि कंडक्टरला म्हणाला, "हिला खिडकी द्या." मी घरी येऊन चूल पेटवायचं निमित्त करून जरा रडून घेतलं. नानांनी गाडीला हार घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि साऱ्या पारासमोर सांगितलं की ही चाणक्याची करणी. मी मान हलवली. खरं सांगायचं तर आत्या, ते टोपी काढून उन्हात हिंडत नसते तर मीही डेपोच्या पहिल्या नाहीनंतर गप्प बसले असते.

बाकी क्षेम. म्हशीची खबर कळवा. गुडघ्याला जपा.

तुमची,
रुपाली

ता. क. मासवड्या पाठवल्या आहेत. नानांच्या नजरेतून सुटलेल्या आहेत, लगेच खाऊन टाका.

ता. क. २. नजरेवरून आठवलं, आणि आत्या, पत्र खरं याच्यासाठीच लिहिलं. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. नारायणगावचे डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका. परवा उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचले. पण ते ऐकत नाहीत, मंत्र्याने आसन सोडलं की राज्य जातं म्हणतात. आम्हा सगळ्यांचं सांगून झालं. ते जगात फक्त तुम्हाला भितात. गाडी येतेच आहे, दोन दिवस या आणि त्यांना धरून ऑपरेशनला न्या.

ता. क. ३. फक्त नेण्याआधी एक गोष्ट तुम्ही त्यांच्या कानावर घाला, माझ्याने होत नाही. गाडी आपल्याच गावची आहे असं ते समजून आहेत. इथे वळायला जागा नाही म्हणून ती वर जाऊन झोपते, असं आम्ही सगळ्या गावाने त्यांना सांगितलंय. रोज संध्याकाळी ते गाडीपुढे उभे राहून वरची कौलमाथ्याची पाटी मोठ्यांदा वाचतात, "बोरदरा." आणि कंडक्टर खाली उतरून म्हणतो, "बरोबर हाय, नाना."