अकरा सेंटिमीटर

४ मार्च, मंगळवार

चौदा पायऱ्या. आई बसून उतरते — एकेक, हात मागे टेकवून. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे असंच. आज सात मिनिटं लागली. "मिरवणूक आहे माझी, घाई कसली?" म्हणाली. मला हसू आलं नाही.

अंघोळीची खोली वरच्या मजल्यावर. खाली नवी बांधायची तर पैसे हवेत. घर आईच्या नावावर, त्याचं जुनं कर्ज बाबा असतानाच फिटलं. तेच तारण ठेवून बँकेकडून घ्यायचं ठरलंय. उद्या त्यांचा माणूस घराची किंमत ठरवायला येणार.

५ मार्च

आला. वीस मिनिटांत सगळं घर मोजून मोकळा!

लेझरचं यंत्र होतं. यंत्राची पाठ भिंतीला टेकवून बटण दाबत होता. पण मोजणी लावलेली पुढच्या कडेपासून — पडद्यावर खूण स्पष्ट दिसत होती. यंत्र अकरा सेंटिमीटर लांब. म्हणजे प्रत्येक माप अकरा सेंटिमीटर कमी. त्याला सांगितलं.

"मॅडम, वीस वर्षं घरं मोजतोय मी."

मी सहा वर्षं प्रयोगशाळेत इतरांची मोजमापाची यंत्रं तपासते. पगार त्याचाच मिळतो. हे त्याला सांगितलं नाही. आईने त्याला चहा दिला, वर "दमलात हो" म्हणाली. बटण दाबून!

११ मार्च

अहवाल आला. प्रत्येक मापात अकरा सेंटिमीटर मिळवून पाहिले: एक्केचाळीस चौरस फूट गायब. किंमत सहा टक्क्यांनी कमी, कर्जही तेवढंच कमी.

गवंडी म्हणतो, "ताई, फरशी नंतर बसवू की. आत्ता नुसतं सिमेंट घोटून देतो." म्हणजे आईने ओल्या गुळगुळीत सिमेंटवर उभं राहायचं. छान.

आई म्हणाली, "मिळतंय ते घे. भांडत बसू नकोस."

प्रश्न फरशीचाच आहे, असं मी तिला सांगितलं. पूर्ण खरं नाही ते. चुकीच्या आकड्याखाली शिक्का पाहिला की मला झोप येत नाही.

१२ मार्च

स्टीलच्या टेपने घर मोजलं. प्रत्येक खोली तीनदा. तक्ता केला, तक्रार लिहिली. आईने न वाचता सही केली — चष्मा वर राहिला होता आणि चौदा पायऱ्या कोण चढणार.

१७ मार्च, सोमवार

बँकेत बोलावलं. साहेब सभ्य माणूस. माझा तक्ता एका हाताला, घराचा मंजूर नकाशा दुसऱ्या हाताला.

"मॅडम, तुमचं माप बरोबर धरलं तर घर नकाशापेक्षा एक्केचाळीस चौरस फूट मोठं भरतं."

त्याच्यासमोर दोनदा बेरीज केली. कान तापले.

स्वयंपाकघराची मागची भिंत! बाबांनी ती मीटरभर बाहेर घेतली होती. परवानगी न काढता, उघडच आहे. त्या माणसाच्या यंत्राने नेमकं तेवढंच खाल्लं. दोन चुका एकमेकींना पुसत होत्या आणि कागद सुखाने जुळत होता. मी त्यातली एक दुरुस्त केली.

शुक्रवारी दुपारी दुसरा माणूस नव्याने मोजणार. मग वाढीव बांधकामाची परवानगी आणा, नाहीतर भिंत पाडा. तोवर कर्ज नाही. परवानगीला वर्ष जातं म्हणे. तक्रार मागे घ्यायची तर फक्त घरमालक घेऊ शकतो.

घरी सांगितलं. आईने कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण! अगं, मला विचारायचंस ना. त्या भिंतीच्या विटा मी मोजून घेतल्या होत्या. उंटावरची शहाणी!"

१८ मार्च

आज नऊ मिनिटं. मिरवणुकीचा विनोद नाही.

२० मार्च, गुरुवार

मी कामावर असताना आई शेजारच्या काकूंना घेऊन बँकेत गेली! लेखी देऊन आली: तक्रार मागे घेते. मुलीने माझ्या शिवणकामाच्या टेपने घर मोजलं. टेप जुनी आहे, ताणली गेली आहे.

शिवणकामाची टेप. मी!

"आई, ताणलेली टेप माप कमी दाखवते. जास्त नाही." खोटंसुद्धा चुकीचं.

"ते साहेबांना कुठे माहीत आहे?"

"मला माहीत आहे."

"मग त्या माहितीने घाल मला अंघोळ."

जिना चढताना तिला हात द्यायला गेले, तिने घेतला नाही. उद्या साहेब मला फोन करून खात्री करणार. माप माझं, म्हणून.

२१ मार्च

सव्वाअकराला फोन आला. "मॅडम, टेप खरंच ताणलेली होती?"

"हो," म्हणाले. "बरीच."