राटहाउसातली माझी दोन मिनिटं

अण्णा, तुमच्या लेकीने मागच्या महिन्यात भर सभेत जर्मनमधून भाषण केलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण असतात तर पोट धरून हसला असतात. तुम्ही स्टँडसमोर लॉज चालवलंत, मी इथे जर्मनीत चौदा खोल्यांचं हॉटेल चालवते. तुम्ही एकदा येऊन बघूनही गेलात आणि पांढऱ्याशुभ्र चादरींवर हात फिरवत म्हणालात, "डाग दिसतात गं, रंगीत घे." तर आमच्या शहराने यंदा बेटनश्टॉयर वाढवायचं काढलं. हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्याकडून आम्ही घ्यायचा आणि शहराला द्यायचा, असा हा कर. कर म्हटलं की तुमचं काय व्हायचं! नगरपालिकेचा वसुलीवाला दारात दिसला की तुम्ही मोरीत शिरायचात आणि मला सांगायला लावायचात, अण्णा आंघोळ करतायत. एकदा तो चिकट माणूस तासभर बसला. तुम्हीही तासभर आंघोळ केलीत आणि तो गेल्यावर कोरडेठाक बाहेर आलात.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. कर वाढला नाही तर आमच्या भागातलं हालेनबाड, म्हणजे छपराखालचा पोहण्याचा तलाव, बंद होणार होता. तुमची नात तिथेच पोहायला शिकली. आणि ऐका, मीसुद्धा! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दर मंगळवारी सकाळी, सत्तरीच्या आज्ज्यांच्या टोळीत. पाय पहिल्यांदा तळापासून सुटले आणि मी बुडाले नाही, तेव्हा मी पाण्यातच किंचाळले, "अगं बाई, जमलं!" आज्ज्यांना अक्षरही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातली एक गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याच पाण्यात पुन्हा चालायला लागली. तलाव गेला तर तिने जायचं कुठे? आणि मी तरी कुठे जाऊ? इतका आनंद मला लग्नानंतर कशाने झाला नव्हता, खरंच सांगते.

हॉटेलवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष येऊन सांगून गेले, "आल्झो, तर मग आपण सगळ्यांनी विरोधच करायचा." मी मान डोलावून म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. ते गेले आणि मी राटहाउसातल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या, सभेसाठी कराच्या बाजूने बोलणाऱ्यांत नाव घातलं. हा चोरटेपणा तुमच्याकडूनच आलाय, दुसऱ्या कोणाकडून येणार?

प्रत्येकाला दोन मिनिटं होती. मुद्दे तोंडपाठ होते माझे. पण उभी राहिले मात्र, आणि सहावीतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. हेडमास्तरांचं नाव घ्यायला विसरले म्हणून तुम्ही घर येईपर्यंत मला झापत होतात, "आधी व्यासपीठाला मान द्यायचा, मग विषयाला हात घालायचा!" झालं. मी सुरू करते: सन्माननीय महापौरबाई, दोन्ही उपमहापौर, सर्व पक्षांचे आदरणीय नेते, खजिना सांभाळणारे साहेब, टिपणं घेणारे गृहस्थ, माइक लावून देणारे काका... माइकवाले काका लाजून लाल. सभागृह गार पडलेलं. शेजारी बसलेली तुमची नात माझी बाही ओढतेय, "मामा, पाइनलिश!" म्हणजे आई, लाज आणतेस. आणि महापौरबाई घड्याळ बघून हळूच म्हणतात, "तुमचे वीस सेकंद उरलेत."

वीस सेकंदांत कसले डोंबलाचे मुद्दे! तोंडाला येईल ते बोलले. "माझं हॉटेल आहे. माझ्या वडिलांचंही लॉज होतं. ते म्हणायचे, पाहुणा गावचं पाणी पितो, गावच्या रस्त्यावरून चालतो, तर त्याने गावाला थोडं द्यावं, आणि ते मागायला आपण लाजू नये. कर वाढवा, तलाव ठेवा." आणि मटकन बसले. अशा टाळ्या पडल्या की माझे अध्यक्षसुद्धा दोन वाजवून गेले. पुढच्या आठवड्यात मतदान झालं. कर वाढला, तलाव राहिला. मंगळवारी आज्ज्यांनी केक आणला आणि आम्ही तो काठावर बसून, पाय पाण्यात सोडून खाल्ला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. सभेहून येताना ट्राममध्ये तुमची नात, जी माझ्याशी एरवी जर्मनच बोलते, चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा किती छान होते गं! ते खरंच असं म्हणायचे?" तिचे डोळे बघितले आणि मी म्हटलं, "हो तर! कर भरायला सगळ्यांच्या आधी जायचे."

हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, माझ्या टेबलावरच राहतील, आणि तिला मराठी बोलता येत असलं तरी वाचता येत नाही. या उन्हाळ्यात तिला बाराखडी शिकवायची असं पक्कं ठरवलं होतं मी. आता म्हणते, पुढच्या वर्षी बघू.