पडद्यावरचे माझे वाचक

सोमवार, ३ मार्च

लागला एकदाचा! संपादकांच्या केबिनबाहेर, भिंतीवर, हा भला थोरला पडदा. आता छापील बातमी तर द्यायचीच, वर रोज ब्लॉगही लिहायचा. कुणाचा किती वेळा उघडला गेला ते दिवसभर सगळ्यांसमोर झळकणार. संपादक म्हणाले, "स्पर्धा नाही ही, प्रोत्साहन आहे." डोंबलाचं प्रोत्साहन! मेअखेर माणसं कमी करणार आहेत, हे शिपायालाही ठाऊक आहे.

मी कोर्टाचा बातमीदार. माझ्या ब्लॉगात असणार काय? तारीख पडली. पुन्हा तारीख पडली. या वयात मला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करेल? लेकीचं शिक्षण अजून अर्धं व्हायचंय. भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

गुरुवार, ६ मार्च

तळाला! राशिभविष्य सगळ्यात वर, त्याखाली क्रिकेटवाला. बुवा पडद्यापुढे उभा राहून खो खो हसला. बुवा म्हणजे आमचा फोटोग्राफर — चहासुद्धा पीत नाही म्हणून बुवा. "अरे, वहिनींनी तरी उघडायचा!"

घरी विचारलं. ही म्हणाली, "रोज तोंडी ऐकते तेवढं पुरे की!"

बुधवार, १९ मार्च

चढलो! पाचवा!! त्या म्हातारीवर लिहिलं होतं — दर तारखेला घराची किल्ली घेऊन कोर्टात येते, घर पडून जमाना झाला. भावलं म्हणायचं लोकांना. बुवाला म्हटलं, "वाचलंस?" तर म्हणे, "मी अक्षरं बघत नाही बाबा, चेहरे बघतो." आणि गेला आपल्या फोटो विभागात. एकेकाळी पाय ठेवायला जागा नसायची तिथे. आता चार जुने कॉम्प्युटर आणि हा एकटा. काय खुडबुड करत बसतो, देव जाणे.

शुक्रवार, ११ एप्रिल

तिसरा. बैठकीत संपादकांनी माझं उदाहरण दिलं. क्रिकेटवाल्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं! हल्ली सगळे मला विचारतात, मथळा कसा द्यावा. मीही सांगतो. बुवालासुद्धा अर्धा तास ऐकवलं. ही म्हणते, "अहो, पाय जमिनीवर ठेवा."

ठेवतो. पण झोप लागायला लागली, हे खरं.

मंगळवार, २७ मे

संपादकांनी आत बोलावलं. "कोर्टाला दोघं कशाला? मोबाइल आहे ना, फोटो तुम्हीच काढा. तुम्हाला वाचक आहेत. बुवांना ठेवायचं की नाही, तुमचं मत सांगा, तुम्ही त्यांना जवळून ओळखता."

सांगायला हवं होतं. कोर्टात कॅमेरा चालत नाही, म्हणून बुवा बाहेर उन्हात ताटकळतो. आरोपींची गाडी येते, पाच-सहा जण उतरतात. मी चष्मा पुसला की समजायचं — त्या क्षणी सगळ्यात पुढे असेल तो आपल्या बातमीतला! खूण आमची. इतक्या वर्षांत एकदाही चुकीच्या माणसाचा फोटो छापून आला नाही. सगळं जिभेवर होतं.

म्हणालो, "तुमचा निर्णय."

शनिवार, ३१ मे

बुवा गेला. निरोप नाही, भाषण नाही. कॅमेरा ऑफिसचा, तो जमा केला. जाताना कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला आणि चहा मागवला. बुवाने! "मनाला लावून घेऊ नकोस. तुझी लेक शिकतेय. मला काय, सडाफटिंग माणूस." माझी मान वर होईना.

घरी हिने विचारलं, "भांडलात का त्याच्यासाठी?" मी आंघोळीला गेलो.

सोमवार, २ जून

आरोपींची गाडी आली. मी सवयीने चष्मा पुसत उभा! पुसून डोळ्यावर चढवेपर्यंत सगळे आत. फोटो नाही. संपादकांची बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

मंगळवार, ३ जून

पुन्हा तळाला. पडदा बिघडलाय म्हणून वेबवाल्या मॅडमकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, पडदा ठीक आहे. "तुमचा ब्लॉग आपल्याच ऑफिसातून उघडला जात होता, सर. फोटो विभागातल्या त्या चार कॉम्प्युटरवरून, दिवसभर. शनिवारपासून बंद आहे. बाहेरचं कुणी फारसं नव्हतंच."

आणि मी काय म्हणालो होतो? "तुमचा निर्णय."