गाळ खाली बसेना

२ मार्च १९७७
आज रिपोर्ट दिला. गिरणीच्या सांडपाण्याच्या टाकीवरचे ऑपरेटर गुरुबसप्पा यांनी चाळीच्या संडासाची लाइन टाकीत सोडली होती. चार वर्षं! म्हणे, त्याने गाळ चांगला बसतो. मी बी.एस्सी. केमिस्ट आहे. सोलापुरात एवढा शिकलेला केमिस्ट कोणत्या गिरणीत आहे? लाइन बंद केली. साहेबांनी गुरुबसप्पांना घरी बसवलं. ते वयामुळे. रिपोर्टातल्या माझ्या भाषेमुळे नव्हे.

१० मार्च
गुरुबसप्पा त्यांच्या गावी, मैंदर्गीला, वारले. हार्ट. रिपोर्टचा संबंध नाही. डॉक्टरही हेच सांगतील. विचारलेलं नाही.
टेस्ट: हजार मि.ली.च्या काचेच्या सिलिंडरमध्ये गाळ अर्ध्या तासात तीनशेच्या रेघेखाली यायला हवा. आज पाचशे साठ. किरकोळ.

१६ मार्च, सकाळी ९
सातशे ऐंशी. तुरटी टाकली. उद्या उतरणारच.
सिलिंडरसमोर बसलो की मागे कोणीतरी खाकरतं. वळलो, कोणी नाही. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर असणार. तेल घालायला सांगितलं.

१७ मार्च
गाळ सकाळी बसला, दुपारी पुन्हा वर. हवा वाढवली. नुसता फेस. तेल घातल्यावर ब्लोअर गप्प झाला. खाकरणं चालू. संकल्प: यापुढे मागे वळून पाहायचं नाही.

२१ मार्च
नऊशे चाळीस. गाळ पिंजलेल्या कापसासारखा टाकीबाहेर, थेट नाल्यात. मेंढरं तिथं पाणी पिईनाशी झाली आहेत.
कठड्यावर गुरुबसप्पा उभे होते. पांढरी टोपी, हात मागे. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. डोळे तपासून घेणार आहे.
झाडलोट करणाऱ्या सोजरबाईंना सहज विचारलं, तिकडे कोणी दिसतं का. म्हणाल्या, "कोन दिसनार? म्हातारा गेला की. तुमी लाइन बंद केली, तवापासनं गाळ उपाशी हाय. त्यो लई सांगायचा, नुसत्या सुताच्या खळीवर ह्याचं पोट भरत न्हाय."
अडाणी बाई.

२२ मार्च
पुस्तक काढलं. खळीच्या सांडपाण्यात गाळातल्या जंतूंना लागणारा नायट्रोजन कमी. मैल्याचं पाणी मिसळावं, मग गाळ बसतो. समासात पेन्सिलने लिहिलंय: महत्त्वाचे. अक्षर माझंच, कॉलेजातलं.
दुपारी लाइन उघडली. प्रयोग म्हणून.

५ एप्रिल
दोनशे सत्तर!
साहेब टाकीवर आले. सिलिंडर उजेडात धरून म्हणाले, "वा, डिग्रीचा उपयोग झाला." मी सगळं सांगणारच होतो. नाव ओठावर आलं होतं. तोंडातून "थँक्यू सर" निघालं.
ते गेल्यावर सोजरबाई झाडू थांबवून म्हणाल्या, "म्हाताऱ्याचं खरं हुतं, हे त्याच्या बायकूला कोन कळवनार?"
मी म्हटलं, पत्र टाकतो. ऑफिसातच लिहायला बसलो. सहा वाजले.
"सौ. शरणम्मा यांस" एवढं लिहिलं.
मग "सौ." खोडलं.